तिसरी पांढरी गोटी

अन्सेल्म रुदील हा मोंत्रझाकचा कापडवाला. दुकान ऐन बाजारचौकात, बायको टुकीने संसार करणारी, पोट बेताचं सुटलेलं, आणि कोटाच्या उजव्या खिशात सदानकदा एक पातळसं पुस्तक. दुसऱ्यांच्या खिशात तपकिरीची डबी असते, याच्या खिशात दंडसंहिता. पॅरिसच्या सभेने आदल्या वर्षी मंजूर केलेली, नवी कोरी, कलमवार. गिऱ्हाईक दोन वार लिनन मागायला यायचं आणि बिचारं तीन कलमं ऐकून जायचं.

"पूर्वी काय होतं?" रुदील कात्री वर धरून विचारायचा. "राजाचे कायदे म्हणजे अडगळीची खोली. न्यायाधीशाने हात घालावा, हाताला लागेल ते बाहेर काढावं. मोलकरणीने चमचा चोरला तर मालकाच्या दारात फास. आणि त्याच न्यायाधीशाला लहर आली, तर चार फटके मारून घरी. आणि आता? इतकं केलंस, इतकी वर्षं. कुलूप तोडलंस, आणखी इतकी. उमराव असो नाही तर गुराखी. न्यायाधीशाने फक्त पान उघडायचं आणि वाचायचं."

"आणि त्याला दया आली तर?" त्याची बायको उर्सुल गल्ल्यावरून विचारायची.

"दया म्हणजे सुद्धा लहरच, उर्सुल. ती बंद. राजाचं माफीपत्र बंद. सगळं बंद!"

हे 'बंद' तो असं झोकात म्हणायचा की दुकानातली माणसं टाळ्या वाजवायची. टाळ्यांची माणसाला चटक लागते. रुदीलला ती इतकी लागली की येत्या हिवाळ्यात नगराध्यक्षपदाला उभं राहायचं हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. राजा अजून तख्तावर होता, पण नावापुरता. आता निवडून येणाऱ्यांचे दिवस होते.

तर, सतराशे ब्याण्णवच्या जूनमध्ये रुदीलचं नाव पंचांच्या यादीत निघालं. फौजदारी कोर्ट दर महिन्याच्या पंधरा तारखेला बसायचं आणि त्यासाठी गावातले बरे खातेपिते बारा गृहस्थ चिठ्ठ्या टाकून निवडायचे. पहिली चिठ्ठी रुदीलची, म्हणून मुख्य पंच तोच. त्या दिवशी त्याने उर्सुलकडून कोटाची बटणं दोनदा घासून घेतली.

आता त्या कोर्टाची गंमत ऐका. पंचांपुढे तीन प्रश्न असायचे. गुन्हा घडला का? याने केला का? आणि वाईट हेतूने केला का? प्रत्येक पंचाने एकट्याने आतल्या खोलीत जायचं. तिथे न्यायाधीश, राजाचा वकील आणि मुख्य पंच बसलेले. छातीवर हात ठेवून सांगायचं, 'माझ्या इभ्रतीला आणि सदसद्विवेकाला स्मरून,' आणि मग काळी गोटी काळ्या पेटीत नाही तर पांढरी पांढऱ्या पेटीत टाकायची. बाराजणांत दहा काळ्या पडल्या तर माणूस दोषी. तीन पांढऱ्या पडल्या की सुटला. सोपं काम.

पण पुस्तकातली वर्षं ठरलेली. दोषी म्हटलं की न्यायाधीश बोटं मोजायला लागायचा. मूळची आठ, कुलूप तोडलं म्हणून दोन, घर राहतं होतं म्हणून दोन, अंधार पडला होता म्हणून आणखी दोन. कमी करायची सोयच नाही. आणि समोर उभा कोण, तर आपल्याच गल्लीतला कोणी भणंग, ज्याने तबेल्यातून घोड्याचं जुनं खोगीर पळवलं. त्याला बारा वर्षं बेड्या? पंचांचा जीव होईना. मग त्या सज्जनांनी तिसऱ्या प्रश्नात भोक शोधून काढलं. गुन्हा घडला? घडला. याने केला? यानेच केला. वाईट हेतूने? इथे सगळे छताकडे बघायचे. खोगीरवाला निर्दोष ठरला, कारण त्याने ते म्हणे पावसात भिजू नये म्हणून नेलं होतं. दुसरा एक धुराड्यातून उतरून हॅमसकट सापडला होता. त्याचाही हेतू शुद्ध निघाला. मिठाच्या कोठाराची फळी उचकटणारा, बनावट चावीवाला, वाण्याचा नोकर, सगळ्यांचे हेतू झऱ्याच्या पाण्यासारखे. चार दिवसांत पाच खटले आणि पाचही सुटले.

आणि हे सगळं मुख्य पंच रुदीलच्या डोळ्यांदेखत! दुकानात कलमं वाचणारा हाच, आणि आत छातीवर हात ठेवून खोटं बोलणाराही हाच. त्याला विचारलंत तर म्हणायचा, "कायदा उत्तम आहे. फक्त खटले बरोबर येत नाहीत."

यात एकच अडचण होती. पांढरी गोटी टाकायला कोणाला आवडायचं नाही. आत राजाचा वकील तुर्नेल हातात पीस घेऊन बसलेला. कुणी पांढरी टाकली की तो भुवई उचलायचा आणि वहीत काहीतरी खरडायचा. म्हणून पंचांनी आपसांत एक रीत पाडली. सकाळी कोर्टाआधी सगळे बोनाफूच्या खाणावळीत जमायचे. बोनाफू स्वतःही पंचच. मेंढीच्या आतड्याच्या गरम पुरचुंड्या आणि पाव खाता खाता एका टोपीत घेवड्याचे नऊ तांबडे आणि तीन पांढरे दाणे टाकायचे. ज्याच्या हाताला पांढरा घेवडा येईल त्याने त्या दिवशी पांढरी गोटी टाकायची. बाकीच्यांनी बेलाशक काळी टाकून अब्रूदार राहायचं. पुण्य सगळ्यांचं, पाळी तिघांची.

सहावा खटला अन्येस काझालचा होता.

अन्येस ही वरच्या वाडीतल्या तोयनेत नावाच्या विधवेची मुलगी. वय एकोणीस. गावातल्या एका सुखवस्तू बाईकडे कामाला. लग्न ठरत आलं होतं, पण मुलाच्या आईने अट घातली, पोरीने निदान चार चादरी आणल्या पाहिजेत. त्या मुलखात बिनचादरीची नवरी म्हणजे बिनचाकाची गाडी. अन्येसकडे होती एक, तीही ठिगळाची. मग एका रविवारी, मालकीण प्रार्थनेला गेली असताना, हिने चुलीतल्या सळईने कपाटाचं कुलूप उचकटलं आणि चार लिननच्या चादरी काढल्या. इथवर ठीक. पण चादरींवर मालकिणीच्या नावाची अक्षरं भरलेली. पोरीने तीन चादरींवरची अक्षरं उसवली, आणि चौथीवरचं अर्धं अक्षर उसवता उसवता सापडली. सुई हातात!

"हेतूचं काय करायचं आता?" नोटरी देलरियुने त्या सकाळी खाणावळीत विचारलं. तोही पंच होता. "खोगीर भिजत होतं म्हणालो. अक्षरं काय, चादरीला टोचत होती म्हणणार?"

"म्हणू की," बोनाफू म्हणाला. "पोरगी आहे, लग्न आहे. बारा वर्षं, देलरियु! एकतिसाव्या वर्षी बाहेर येईल. कोण थांबणार तिच्यासाठी? तो पोरगा? त्याची आई तर येत्या रविवारी दुसरी बघेल."

बारा हा आकडा सगळ्यांना पाठ होता. घरात कामाला असलेल्या माणसाने आतलं कुलूप तोडलं, तरी ते बाहेरचं तोडल्यासारखंच धरायचं, असं कलमात स्पष्ट होतं. रुदीलनेच ते दोन महिन्यांपूर्वी दुकानात मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं आणि "बघा, काही सुटलं नाही!" असं म्हणून मांडीवर थाप मारली होती.

टोपी फिरली. पांढरे घेवडे निघाले बोनाफूला, देलरियुला आणि खुद्द रुदीलला.

"झालं, सुटली पोर," बोनाफू म्हणाला आणि त्याने सगळ्यांच्या पेल्यात वाइन ओतली.

रुदीललाही बरं वाटलं. परवाच बाजारात तोयनेतने त्याला गाठलं होतं. हात धरून रडायलाच लागली. तेव्हा त्याने तिला सांगितलं होतं, "तोयनेत, मी आहे ना आत? जा, लग्नाचं बघ." असं म्हणताना आजूबाजूला चारदोन माणसं ऐकत होती, त्यामुळे त्याचा आवाज जरा मोठाच लागला होता.

तेवढ्यात त्याला पान्क्राझबाबाची आठवण झाली. पान्क्राझबाबा म्हणजे म्हातारा पिठाच्या गिरणीवाला, पंचांत सगळ्यात भोळा. याला घेवडा कोणताही येवो, आरोपी रडला की हा पांढरी टाकून मोकळा. त्याच्यामुळे कालच्या खटल्यात तिनाच्या चार झाल्या होत्या.

"पान्क्राझबाबा," रुदील म्हणाला, "आज घेवडा तांबडा ना? मग गोटी काळी. कळलं?"

"अरे, पण पोर लहान आहे..."

"तिघंजण टाकतायत ना पांढरी! तीन म्हणजे दया. चार-पाच पडल्या की तो तुर्नेल म्हणेल, यांचा कट आहे. सगळी रीतच बंद करतील, मग पुढच्यांचं काय? तुमच्या या हळवेपणाने एक दिवस सगळ्यांना खड्ड्यात घालाल तुम्ही."

म्हातारा ओशाळला. पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणाला, "बरं बाबा. तू शिकलेला. माझ्या गिरणीची शपथ, काळी टाकतो."

कोर्टाच्या पायऱ्यांवर तुर्नेलच रुदीलची वाट बघत उभा होता. सडपातळ, गोड बोलणारा माणूस. त्याने रुदीलचा दंड धरून त्याला खांबाआड नेलं.

"मोस्यू रुदील, आज मला पॅरिसला अहवाल लिहायचाय. पाच खटले, पाच सुटले. मुख्य पंचाचं नाव वर लिहावं लागतं हो, माझा नाइलाज आहे."

"पंच आपापल्या मनाने..."

"अर्थात, अर्थात. तुमची पुस्तकावरची भक्ती मी जाणतो. म्हणून तर आश्चर्य वाटतं. लोक म्हणतात, रुदील दुकानात एक बोलतो आणि आत एक करतो. मी म्हटलं, छे! उद्याचा नगराध्यक्ष आहे तो." एवढं बोलून तुर्नेलने त्याच्या खांद्यावरचा नसलेला दोरा झटकला आणि निघून गेला.

आता रुदीलच्या डोक्यात भुंगा शिरला. खटला चालू झाला, मालकिणीने साक्ष दिली, चादरी टेबलावर पसरल्या. कापडवाल्याची नजर आपसूक कापडावर गेली. मध्यम प्रतीचं लिनन. याच्या दुकानात असल्या चाळीस चादरी पडून होत्या. अन्येस लाकडी कठड्यामागे उभी होती, हात पुढे धरून, आणि सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देत होती, "हो, मी घेतल्या." मागे बसलेल्या तोयनेतने तिला खूण करून रुदील दाखवला. पोरीने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. पान्क्राझबाबा तर पहिल्यापासूनच बाहीने डोळे पुसत होता.

ते बघितलं आणि रुदीलला एकदम हुशारी सुचली. माणसाचा घात बहुतेक वेळा असल्याच हुशारीने होतो. त्याने हिशेब केला, बोनाफूची एक, देलरियुची दुसरी. आणि हा म्हातारा? शपथ घेतो म्हणे! हा आत गेला की ढसाढसा रडणार आणि पांढरी टाकणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. म्हणजे झाल्या तीन. मग माझी कशाला वाया घालवू? पोरगी सुटायची ती सुटते, आणि तुर्नेलच्या वहीत मुख्य पंच साफ. कोणाचंच नुकसान नाही. उलट दोघांचं भलं!

आत मुख्य पंचाने सगळ्यांत आधी जायचं असतं. न्यायाधीश लाफाब्री, पूर्वी राजाच्या कोर्टात होते तेच, आता नावातला उमरावी 'द' गाळून इथे बसलेले, डोळे मिटून खुर्चीत रेलले होते. तुर्नेलने पीस शाईत बुडवलं. पहिले दोन प्रश्न झाले. तिसऱ्याला रुदीलने छातीवर हात ठेवला.

"माझ्या इभ्रतीला आणि सदसद्विवेकाला स्मरून, आरोपीने हे वाईट हेतूने केलं."

काळी गोटी टक्कन आवाज करत काळ्या पेटीत पडली. लाफाब्रींनी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. तुर्नेल हसला. रुदील बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. आता सगळे येऊन जाईपर्यंत त्याने तिथेच बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असा कायदा होता. कलम त्याला पाठ होतं.

दुसरा आला, काळी. तिसरा, काळी. चौथा बोनाफू, पांढरी. जाताना त्याने रुदीलकडे बघून हलकेच डोळे मिचकावले. पाचवा, सहावा, काळी. सातवा देलरियु. त्याने घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि पांढरी टाकली. आठवा, काळी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

नववा पान्क्राझबाबा.

म्हातारा दारातच अडखळला. डोळे लाल. त्याने दोन्ही गोट्या उचलल्या, एका हातात काळी, एका हातात पांढरी. पांढरीचा हात पुढे केला. रुदीलने श्वास सोडला. मग म्हाताऱ्याने रुदीलकडे बघितलं. रुदील काही बोलू शकत नव्हता. त्याने डोळे मोठे केले, हनुवटी पांढऱ्या पेटीकडे किंचित वळवली. म्हाताऱ्याला वाटलं, हा रागावलाय, सकाळच्या शपथेची आठवण करून देतोय. त्याने पांढरा हात घाईघाईने मागे घेतला.

"माझ्या इभ्रतीला... आणि त्याला स्मरून... वाईट हेतूने," म्हातारा कसाबसा म्हणाला आणि काळी टाकली. आणि जाता जाता रुदीलकडे असं बघितलं की, बघ बाबा, या खेपेला तुझं ऐकलं की नाही!

रुदीलच्या पाठीवरून घामाची धार वाहायला लागली. अजून तिघे होते. त्यातल्या एकाला तरी पाझर फुटेल. देवा, एकाला! दहावा चांभार आला. तिघांनी आपलं काम केलंच असणार या भरवशाने त्याने शांतपणे काळी टाकली. अकरावा, तसाच. बारावा हातमोजे शिवणारा, तरणाबांड, नुकतं लग्न झालेला. त्याने तर काळी टाकताना रुदीलकडे बघून गालातल्या गालात हसून घेतलं, काय मस्त जमलंय आपलं, अशा अर्थाने.

पेट्या उघडल्या. दहा काळ्या, दोन पांढऱ्या.

लाफाब्री ताठ बसले. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. दहाच होत्या. मोजून कुठे बदलतात का गोट्या.

बाहेर येऊन निकाल वाचायचं काम मुख्य पंचाचं. रुदील उभा राहिला, तेव्हा अन्येस त्याच्याकडे बघून चक्क हसली. तिला शहरी भाषेतलं हे कोर्टाचं बोलणं नीट कळायचं नाही. तिला एवढंच माहीत होतं की आई म्हणाली होती, तो कापडवाला आपला आहे. तो वाचत असताना ती हसतच होती. मग मागून तोयनेतची किंकाळी आली, तेव्हा तिने वळून आईकडे बघितलं आणि पुन्हा रुदीलकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे फक्त प्रश्न होता, काय झालं हो?

लाफाब्रींनी पान उघडलं आणि वाचलं. आठ, अधिक दोन, अधिक दोन. बाई माणूस म्हणून बेड्यांऐवजी कोठडी. त्याआधी बाजारचौकात सहा तास खांबाला बांधून, गळ्यात नाव आणि गुन्ह्याची पाटी.

रुदीलने त्यांना मागच्या बोळात गाठलं. तोंड पांढरंफटक.

"महाराज, कायद्यात सोय आहे. न्यायासनावरच्या सगळ्यांचं मत पडलं की पंच चुकलेत, तर आणखी तीन पंच बोलावून पुन्हा गोट्या टाकता येतात. कलम..."

"कलम मला येतं," लाफाब्री झगा उतरवत म्हणाले. "पण तुम्ही चुकलात कुठे? पोरीने कुलूप तोडलं, चादरी नेल्या, अक्षरं उसवली. चार दिवसांत तुम्ही लोकांनी माझ्यासमोर पाच वेळा धडधडीत खोटं सांगितलंत, तेव्हा मला काही करता येत नव्हतं. आज पहिल्यांदा खरं बोललात. खऱ्याला मी चूक कसं म्हणू? तुम्हीच सांगा."

"पण बारा वर्षं, महाराज!"

"राजाच्या वेळी हिला फाशीच होती, रुदील. पुस्तकात. पण मी तिला कधीच दिली नसती. कान धरून दम दिला असता, आठ दिवस कोंडून ठेवली असती आणि आईच्या ताब्यात दिली असती. मला विचारणारा कोण होता? मग तुम्ही म्हणालात, याची लहर बंद करा. बंद केलीत. आता मी नुसता बेरीज करणारा माणूस." म्हातारे न्यायाधीश दारापर्यंत गेले आणि थांबले. "सगळ्यात आधी तुम्ही आला होतात आत. मला वाटलं होतं तुमची पांढरी पडेल. घोड्याच्या खोगिरासाठी टाकली होतीत ना?"

रुदील खिशातलं पुस्तक चाचपत बोळातून बाहेर पडला. पुढे अठरा वर्षांनी नव्या बादशहाच्या राज्यात दुसरं पुस्तक आलं. त्यात कमीत कमी इतकी आणि जास्तीत जास्त इतकी, असं लिहून न्यायाधीशाला थोडी जागा दिलेली होती. दूरदूरच्या देशांनी ते पुस्तक उचललं म्हणतात. अन्येसला त्याचा काय उपयोग, तिची कोठडी तोवर भोगून संपली होती.

शनिवारी बाजाराच्या दिवशी तिला चौकात खांबाला बांधलं. रुदीलचं दुकान बरोबर समोर. त्याने डोकं दुखतंय म्हणून फळ्या लावून घेतल्या आणि सहा तास आत अंधारात बसून राहिला. बाहेर माणसं अंड्यांचा भाव करत होती. मधेच एक ओळखीचा रडका आवाज आला. पान्क्राझबाबा खांबाखाली उभा राहून सगळ्या बाजाराला ओरडून सांगत होता, "पोरी, माझी काळी होती गं! मला म्हाताऱ्याला क्षमा कर!" कुणीतरी त्याला कोबीचा दांडा फेकून मारला.

तुर्नेलचा अहवाल पॅरिसला गेला. मोंत्रझाकमध्ये कायदा जसा लिहिलाय तसाच चालतो, मुख्य पंच अत्यंत करारी गृहस्थ, असं त्यात होतं. त्याची नक्कल त्याने रुदीलला भेट म्हणून पाठवली. उर्सुलने ती चौकटीत बसवून घेऊ या म्हटलं. रुदील "नको" म्हणाला, पण फाडूनही टाकली नाही.

पंधरा दिवसांनी तोयनेत दुकानात आली. हातात टोपली, वर फडकं. रुदीलला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार, आणि त्याच्या मनाने खरोखर सुटकेचा निःश्वास टाकला. देऊ दे. पायरीवर बसून गाव गोळा करू दे. पण तोयनेतने टोपलीतून चीजचा एक जाडजूड गोल काढला आणि गल्ल्यावर ठेवला.

"तुमच्यासाठी आणलंय," ती म्हणाली. "दोन पांढऱ्या पडल्या म्हणे. एक तुमची, ते मला न सांगता कळतं. तुम्ही शब्द दिला होतात. बाकीच्यांनी दगा दिला, त्याला तुम्ही काय करणार?"

रुदीलने तोंड उघडलं. त्या क्षणी तो खरं सांगणार होता, अगदी जिभेवर आलं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. उर्सुल नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती.

"त्या पान्क्राझकडे मी आता दळण टाकत नाही," तोयनेत पुढे म्हणाली. "आमच्या वाडीतलं कोणीच टाकत नाही. वर तोंड करून सांगतो मेला, माझी काळी होती म्हणून! लाज नाही. त्याची एक पांढरी असती तर माझी पोर आज घरी असती, नाही का हो?"

"हं," रुदील म्हणाला.

"दुसरी पांढरी कोणाची, तेवढं सांगा. घरी असाच एक गोल ठेवलाय मी त्यांच्यासाठी."

दोन नावं होती, बोनाफू आणि देलरियु. दोन्ही सांगितली तर रुदीलच्या वाट्याला पांढरी उरत नव्हती. एक सांगितलं तर दुसऱ्याची गोटी याच्या पदरात. रुदीलने कपाळावरचा घाम पुसला, आणि हात आपसूक कोटाच्या खिशाकडे गेला. पुस्तक बाहेर काढून त्याने उघडलं सुद्धा.

"ते सांगता येत नाही, तोयनेत. कायद्यात मनाई आहे. कोणत्या पंचाने कोणती गोटी टाकली हे कुणालाही सांगायचं नाही. स्वतःचीसुद्धा. कलम... बावीस."

असं कलम त्या पुस्तकात कुठेही नव्हतं. ज्याने वर्षभर गावाला ओरडून सांगितलं की लिहिलंय त्याच्याबाहेर एक अक्षर चालणार नाही, त्याने गल्ल्यामागे उभ्या उभ्या एक आख्खं कलम केलं, आकड्यासकट.

तोयनेतला वाचता येत नव्हतं. तिने उघड्या पानाकडे आदराने बघितलं आणि मान डोलावली.

"लिहिलंय म्हणता म्हणजे असेल. मग त्या पान्क्राझला माहीत नव्हतं वाटतं, बोंबलत सुटलाय ते." तिने फडकं झटकून टोपलीत टाकलं. "बरं, हे घेतलं तर चालतं ना कायद्याने?"

"चालतं," रुदील म्हणाला.

ती गेल्यावर उर्सुलने आतून सुरी आणि पाव आणला. चीज कापलं, वास घेतला, म्हणाली, "सहा महिने तरी जपून ठेवलेलं असणार हो. बहुतेक लग्नासाठी." मग जरा जवळ सरकून तिने हळूच विचारलं, "मला तरी सांगा. तुमची पांढरी होती ना?"

"कलम बावीस, उर्सुल," रुदील म्हणाला, आणि तिने पुढे काही विचारायच्या आत चीजचा भला मोठा तुकडा त्याने तोंडात कोंबला.